बाकी उतरताना

वामनभाऊ स्वतःच्या नातीला खाऊचे पैसे देतात, तेही तिकीट फाडून.

तिकीट म्हणजे जुन्या कॅलेंडरचा कात्रीने कापलेला तुकडा. सावली गावात माझ्या पिठाच्या चक्कीसमोर त्यांचं घर आहे. एसटीत कंडक्टर होते. रिटायर होताना पंच डेपोत जमा केला, आवाज मात्र घरी आणला. आता पंचाऐवजी हातात सुपारीचा अडकित्ता असतो. तो बाकावर टकटक वाजवून ते गल्लीतल्या पोरांना रांगेत उभं करतात. "पुढं सरका, पुढं सरका! मांगं गर्दी हाये!" मागे फक्त माझी शेळी असते.

नात प्राची सहा वर्षांची असताना त्यांच्याकडे आली. आई वारली होती, बापाने दुसरं घर केलं होतं. पहिल्याच महिन्यात भाऊंनी तिला पाच रुपये कबूल केले, हातावर तीन ठेवले आणि तिकिटामागे '२ बाकी' लिहून भोवती गोल काढला. बसमध्ये सुट्टे नसले की कंडक्टर लिहून देतात, तसं.

"बाकी कव्हा देता, आबाजी?"

"उतरताना."

"उतराचं कुठी?"

"तुयं गाव आलं का सांगतो."

पोरीने ते तिकीट सैपाकघरातल्या तारेला टोचून ठेवलं. पुढे दर महिन्याला हातावर थोडे, मागे थोडे; पोरीबरोबर रक्कमही वाढत गेली. तारेवर गठ्ठा जमला.

माझी रेणू रिचार्जसाठी जीव खायला लागली, तेव्हा मी तिलाही भाऊंच्या हवाली केलं. ते दोघींना आठवडी बाजारात घेऊन जायचे. आधी दोघींनी आपापले पैसे दोन मुठींत वेगळे करायचे. वही, पास, साबण यांचे पैसे 'बसलेले'. पाणीपुरी, टिकल्या, रिचार्ज यांचे 'उभे'. "उभ्याले कुठीबी उतरवता येते. बसलेल्याले हात लावाचा नाई. त्याचं रिझर्वेशन हाये."

पाणीपुरीवाल्याने स्कॅनची पाटी पुढे केली, तर भाऊ म्हणाले, "ज्या पैशाचा आवाज येत नाई, तो पैसा नाई."

तेवढ्यात कुणीतरी स्कॅन केलं आणि त्याचा गाडीवरचा डबा खणखणीत ओरडला, "वीस रुपये प्राप्त हुए."

"आता आला ना आवाज?" प्राची म्हणाली.

महिनाभराने आमच्या यांनी नवीन मोबाइलचा विषय काढला. रेणूने ताटावरून मान वर केली. "बाबा, हे पैसे बसलेले का उभे?" मोबाइल आला नाही. मी त्या दिवशी भाऊंचं दळण फुकट दळलं असतं, पण त्यांनी घेतलं नसतं. माझ्याकडे सुट्टे नसले की ते अर्धा अर्धा तास पोत्यावर बसून राहतात.

"उद्या न्या ना, भाऊ."

"नाई बाई. आपली बाकी दुसऱ्याजवळ ठेवली का परत यावं लागते."

यंदा प्राचीचा नर्सिंगला नंबर लागला, चंद्रपूरला. हॉस्टेलचे पैसे रोख भरायचे होते आणि ते तारेवरच्या बाकीतून भरायचे, असं आजोबा-नातीचं परस्पर ठरलेलं. मला धास्ती वाटली. भाऊंची पेन्शन किती, ते मला ठाऊक. मी सरळ विचारलं, "भाऊ, बाकी नुसती कागदावर तर नाई ना? पोरीची सीट जाईन."

अडकित्ता थांबला. "बाई, पॅसेंजरची बाकी म्या कधी मारली नाई."

जायच्या दिवशी सकाळी ते खुंटीवरची चामड्याची बॅग घेऊन चक्कीत आले. मी चक्की बंद केली. गिऱ्हाईक उभं होतं, राहिलं उभं. प्राची घरून आणलेल्या तारेवरून एकेक तिकीट काढून वाचायची. भाऊ तेवढे पैसे बाकावर ठेवायचे आणि तिकीट फाडायचे. बॅगेच्या कप्प्यांत सगळं जिथल्या तिथे होतं. शेवटी तिकिटं संपली आणि बॅगेत दोन रुपये जास्त निघाले. भाऊंनी सगळे कप्पे चाचपले. "एक पॅसेंजर कमी हाये!" पुन्हा सगळं मोजलं. हॉस्टेलचे भागून वर थोडे उरत होते, पण तिकिटांच्या हिशेबात दोन रुपये जास्तच.

प्राचीने मूठ उघडली. तळाचं, पहिलं तिकीट तिने लपवलं होतं.

"आण इकडे. तुयं गाव आलं."

"कुठी आलं? मी तर शिकाले जाऊन राह्यली. दिवाळीले येतो ना वापस. उतरल्यावर घेईन."

भाऊंनी ते दोन रुपये उचलून शर्टाच्या वरच्या खिशात टाकले. बस निघताना पत्र्यावर दोनदा थाप मारली. बसच्या कंडक्टरने वळून पाहिलं.

दोन दिवसांनी भाऊ दळण घेऊन आले. एका माणसाचं, जेमतेम दोन किलो. बारा रुपये झाले. त्यांनी वीसची नोट दिली. मी शहाणपणाने आठ रुपये आधीच काढून ठेवले होते.

"राहू द्या बाई. मांगं लिहा."

"सुट्टे हायेत ना, भाऊ!"

"दिसून राह्यले मले. तरी लिहा."

मी कागद फाडून '८ बाकी' लिहिलं. गोल काढायचा राहिला होता. तो त्यांनी माझ्याच पेनने काढला, कागद खिशातल्या दोन रुपयांजवळ ठेवला आणि म्हणाले, "येतो मंग उद्या."