जामीनदार तपासून पाहावा

विषय : पुतण्याच्या गृहकर्जास जामीन राहणेबाबत.
संदर्भ : १) पुतण्याची तोंडी विनंती. २) सौ.चा तोंडी विरोध.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, प्रस्तुत लेखक नोकरीतून निवृत्त झाला असला, तरी त्याच्या अंगातली नोकरी अद्याप निवृत्त झालेली नाही. पुढे जे घडलं त्याचं मूळ एवढंच.

माझा पुतण्या लिफ्ट दुरुस्त करतो. निम्मं शहर त्याच्या भरवशावर वर जातं, पण बँक काही त्याला वर येऊ देईना. तो ठेक्यावर काम करतो आणि सूनबाई घरी पडदे शिवते. दोघांची कमाई माझ्या पेन्शनपेक्षा बरीच जास्त, पण दर महिन्याला सारखी नाही. बँकेला माणूस गरीब चालतो, अनियमित चालत नाही. त्यांच्या भाड्याच्या खोलीत पलंग आणि शिलाई मशीन यांच्यामधून आडवं होऊन जावं लागतं, आणि तीही खोली मालकाने सोडायला सांगितलेली. अशात एका दंतवैद्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट विकायला निघाला. त्याच्या गॅलरीत कापड बेतायचं टेबल नेमकं बसतं, हे सूनबाई स्वतःच्या टेपने मोजून आली होती. दंतवैद्य महिनाअखेरपर्यंत थांबणार होता. त्यानंतर दुसरं एक गिऱ्हाईक रोख घेऊन उभंच होतं.

"काका, बँक म्हणते, एखादा नियमित उत्पन्नाचा माणूस जामीन द्या," पुतण्या म्हणाला.

नियमित! (या एका शब्दासाठी मी सगळी नोकरी घातली, आणि ऑफिसने मला काय दिलं, तर 'त्रुटीराव' हे टोपणनाव.)

"दिला!" मी म्हणालो.

"माझा विरोध आहे," आतून सौ. म्हणाली.

"अगं, पोरांना घर मिळतंय!"

"मिळायलाच हवं. माझा विरोध जामिनाला नाही, तुमच्या हातात कागद देण्याला आहे."

हा विरोध तोंडी असल्यामुळे मी दप्तरी दाखल करून घेतला नाही.

बँकेतल्या अधिकारी बाई माझ्या पुतण्याहूनही लहान निघाल्या. त्यांनी फाईल पुढे सरकवली. "काका, इथे, इथे आणि इथे सही."

"आधी वाचतो."

"काय?"

"फाईल."

मी जणू त्यांची खुर्ची घरी न्यायला मागितली होती. "आजवर कोणी वाचली नाही हो," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच," मी म्हणालो आणि कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसकण मारली.

इतक्यात पुतण्याचा फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत एक बाई लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. "काका, मी जाऊन येतो. तुम्ही फक्त सही करा हं. फक्त सही!" असं दारातून दोनदा सांगून तो पळाला. त्या बाई सुखरूप सुटल्या. अडकायची पाळी आता त्याची होती.

फाईल वाईट नव्हती. पाननंबर चुकले होते, ते मी सुधारले. फ्लॅटच्या कागदांत गॅलरीचा उल्लेखच नव्हता, त्यावर टिपण लिहिलं. मग जामीनदाराचं पान आलं. माझं नाव, माझा पत्ता, सगळं बिनचूक. पण शेवटी 'शेरा असल्यास' हा रकाना रिकामा होता. रिकामा रकाना मला बघवत नाही. आणि माझ्या हातून बिनशेऱ्याचा कागद पुढे गेला, असं उभ्या नोकरीत घडलेलं नाही. मी लिहिलं :

'जामीनदार वयस्क आहे. उत्पन्न नियमित, परंतु बेताचे. स्वभावाने हटवादी असल्याचे समजते. त्याची परतफेडीची क्षमता वरिष्ठ पातळीवर तपासून पाहावी.'

खाली झोकदार सही केली आणि समाधानाने फाईल परत दिली.

बाईंनी पान वाचलं. पुन्हा वाचलं. "काका, हा शेरा कोणी लिहिला?"

"मी."

"आणि जामीनदार कोण?"

"मी."

"म्हणजे तुम्ही तुमच्यावरच संशय घेतलात?"

"ओळखीचा म्हणून सोडला, असं उद्या कोणी म्हणायला नको."

"खोडून टाका ना, प्लीज."

"शेरा खोडता येत नाही, बाई."

"आमच्याकडेही नाही येत," त्या खोल आवाजात म्हणाल्या. "आता फाईल मुख्य कार्यालयात जाणार."

संध्याकाळी दोघंही आमच्या घरी आली. पुतण्या फरशीकडे बघत होता. सूनबाई म्हणाली, "काका, तुम्ही नाही म्हणाला असतात तरी आम्ही समजून घेतलं असतं."

"अगं, मी हो म्हणालोय!"

"तोंडी हो. लेखी नाही."

हे मात्र मला लागलं. आणि मुद्दा बिनतोड होता, म्हणून जास्तच लागलं.

सौ. म्हणाली, "जगात एकच माणूस उरला होता, ज्याचा कागद ह्यांनी अडवला नव्हता. आज तोही अडवला."

"पण गॅलरी कागदावर नाहीच, त्याचं काय?" मी कसाबसा म्हणालो.

सूनबाई ताठ बसली. "नाही म्हणजे?"

"उद्या इमारतीतल्या लोकांनी ती सगळ्यांची आहे म्हटलं, तर तुझं टेबल जिन्यात."

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टिपणाची नक्कल घेऊन (नक्कल मी ठेवतोच) दंतवैद्याकडे गेली, मीही गेलो. रोखवालं गिऱ्हाईक तिथेच बसलं होतं. त्याने माझं टिपण वाचलं, दंतवैद्याला नमस्कार केला आणि रोख घेऊन गेलं ते गेलंच. दात-ओठ खाणारा दंतवैद्य मी प्रथमच पाहिला. पण कागद दुरुस्त करून आणणं त्याला भाग होतं, त्याला वेळ लागणार होता, आणि तोवर फ्लॅट आमच्याच नावाने राहील असं त्याने लेखी दिलं. (मजकूर मी सांगितला.) घरी आल्यावर सूनबाईने आपणहून चहा करून दिला. मी तो शेरा न मारता प्यायलो.

मधल्या काळात त्यांच्या मालकाची मुदत संपली. आता ती दोघं, पलंग आणि मशीन आमच्या बाहेरच्या खोलीत आहेत. माझ्या दुपारच्या झोपेला पडद्यासारखी चारी बाजूंनी शिवण बसते.

काल मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. जामीनदाराने स्वतःविषयी घेतलेल्या शंकेचं निरसन जामीनदाराला स्वतः करता येत नाही. तरी त्याला जवळून ओळखणाऱ्या जबाबदार व्यक्तीचा लेखी अभिप्राय जोडावा. पत्र सौ.च्या नावाने होतं. तिने चष्मा लावला.

"अगं, 'माणूस ठीक आहे' एवढं लिही की झालं."

"वाचू द्या. दंतवैद्याचे कागद यायचेत, घाई काय आहे? हे बघा, 'हटवादी असल्याचे समजते'. समजते म्हणजे? पुरावा कुठे जोडलाय?"

"नाही जोडला."

"मग तो जोडावा लागेल," सौ. म्हणाली. "खूप आहे."

सद्यःस्थिती : अर्ज प्रलंबित. सौ.ने पुरवणी कागद मागवले आहेत.