परशराम अण्णांचं वजनदार पाणी

आमच्या वडगावच्या गल्लीत कुणाची डाळ शिजली नाही, की परशराम अण्णांना आनंद होतो. कुकर शिट्ट्या मारून दमतो, आतली डाळ होती तशीच टणक राहते, आणि समोरच्या कट्ट्यावरून आवाज येतो, "ह्याला म्हंत्यात पाणी! पाण्यात वजन पायजे!"

वजन आहे, यात वादच नाही. आमच्या नळांना येतं ते गल्लीतल्या बोअरचं पाणी, आणि ते इतकं जड आहे की बादल्यांना आतून पांढरी पुटं चढतात, चहावर साय नसताना साय धरते आणि नळाची तोंडं बुजून जातात. मागं माझ्या गिझरची कॉईल जळाली. बाहेर काढली तर चुन्यात लोळवून आणल्यासारखी दिसत होती. मी रागानं ती अण्णांच्या पुढ्यात नेऊन ठेवली. त्यांनी कौतुकानं उलटसुलट करून बघितली.

"डोंगरातनं झिरपून आलेलं पाणी हाय ह्ये सुनंदा. त्या कॅम्पातल्या बंगलेवाल्या सायबांस्नी मिळतंय व्हय असलं?"

"अण्णा, कॉईल गेली की माझी!"

"कॉईल पुचाट हुती."

अण्णांचा या पाण्यावर एवढा जीव उगीच नाही. ते बोअर त्यांनीच शोधलेलं आहे. गल्लीचे नळ कोरडे पडले होते, तेव्हा तळहातावर नारळ आडवा ठेवून अण्णा अनवाणी सगळी गल्ली फिरले. देवळासमोर नारळ ताडकन उभा राहिला. लोक हसले, पण मशीन लागलं आणि पाण्याचा असा फवारा उडाला की मशीनवाला नखशिखांत भिजला. तेव्हापासून उन्हाळा कितीही कडक असो, आमच्या गल्लीत टँकर आलेला नाही. खंडेनवमीला अण्णा घरच्या यंत्रमागांची पूजा करतात आणि लगेच बोअरच्या पंपाला हळदकुंकू लावायला जातात. त्या पाण्याला कुणी नावं ठेवली, की पोराची तक्रार ऐकणाऱ्या बापासारखं त्यांचं तोंड होतं.

त्यांचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे फेस. आमच्या पाण्यात साबण कितीही घासा, फेस येत नाही. अण्णांच्या मते यायलाच नको. "फेस म्हंजे निस्ता दिखावा! अंग पाण्यानं सोच्छ हुतंय, फेसानं न्हाय." गल्लीत नवीन आलेली एक सून म्हणाली, "आमच्या माहेरी साबणाला काय फेस येतो!" अण्णांनी त्या घरचा चहा कित्येक दिवस घेतला नाही.

हे सगळं ते बोलतात भरपूर मोठ्यांदा. जन्म यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळे त्यांची कुजबुजसुद्धा चार घरं ऐकू जाते. त्यांच्या बायको शांताक्का मात्र शांत. नवऱ्याचं भाषण सुरू झालं की त्या माझ्या कानाला लागायच्या, "डाळीत मी सोडा घालती गं. ह्यास्नी म्हाईत न्हाय."

गेल्या वर्षी शांताक्कांना मोठं आजारपण आलं. उपचारांत त्यांचे केस गेले. नारळाएवढा अंबाडा होता त्यांचा. त्या डोक्यावर पदर ओढून आतल्या खोलीत बसू लागल्या, आणि कट्ट्यावरचा आवाजही उतरला. गल्लीत डाळी शिजत नव्हत्या, पण बोलणारं कुणी नव्हतं. मला फार चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

उपचार संपले. डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही. हळूहळू डोक्यावर मऊ, बारीक केस आले. एका दुपारी मी गेले तर शांताक्का डोळे पुसत बसल्या होत्या.

"धुतलं गं आज डोस्कं. साबण निघंना, चिकटून बसला. काथ्यावानी झाले क्यास, हातात आले काय काय. ह्येबी जातील काय गं?"

अण्णा दारातच उभे होते. दारातल्या बादलीचं पांढरं पूट ते नखानं खरवडत राहिले.

पुढच्या रविवारी सकाळी अण्णा स्कूटरवरून येताना दिसले. पायांत काहीतरी मोठं, पोत्यानं झाकलेलं.

"कुठं गेलतासा अण्णा?"

"सासुरवाडीला. बेळगुंदीला."

"आणि पोत्यात काय?"

"रताळी."

स्कूटर खड्ड्यातून गेली आणि रताळी डुचमळली. पोत्याखालून पाण्याचा ओघळ आला. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, मी ओघळाकडं. मग ते वाकून कुजबुजले, म्हणजे चार घरांना सांगितलं, "तिच्या म्हायेरच्या हिरीचं हाय. मऊ पाणी. बोअरला कळू देऊ नगंस गं. इतकी वर्सं पाजलंय त्येनं समद्यास्नी."

थोड्या वेळानं मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली त्यांच्या परसात शांताक्का पाटावर बसल्या होत्या, पदर खांद्यावर. अण्णा तांब्यानं बेताबेतानं पाणी सोडत होते. मागावरचे तुटलेले धागे जन्मभर जोडणारी ती बोटं त्या इवल्या केसांतून अशी फिरत होती की मला खाली बघवेना आणि नजरही काढवेना.

आणि एकदम अण्णा ओरडले.

"अगं, फेस! लई फेस आलाय बघ! एकबी क्यास हातात आला न्हाय! फेस बघ की गं!"

गल्लीतली बोलणी थांबली. कट्ट्यावरची माणसं एकमेकांकडं बघू लागली. फेसानं पांढरं झालेलं डोकं वर करून, डोळे गच्च मिटून शांताक्का हसत होत्या. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना तशा हसताना बघितलं.

"हळू बोला की ओ," त्या म्हणाल्या. "बोअर ऐकंल."