परबकाकांचं अँथुरियम

परबकाकांच्या घरी पाण्याचा ग्लास नंतर मिळतो. आधी अँथुरियमची ओळख करून दिली जाते. "हे मूळचे कोलंबियाचे," असं म्हणत काका कुंडीकडे इतक्या अदबीने हात करतात, की पाहुण्याला उठून नमस्कार करावासा वाटतो.

काका मुलुंडला आमच्या शेजारच्या घरात एकटे राहतात. कुंडीत एकच फूल, लालभडक आणि असं चकचकीत, की येणारा प्रत्येक जण चिमटा काढून बघतोच. मग काकांची शुद्ध मराठी गळून पडते आणि मालवणी बाहेर येते. "हात लावू नको रे मेल्या! प्लास्टिकचा न्हय ता!" ही आरोळी मजल्यावर रोज संध्याकाळी घुमते आणि तिच्यामागून चहा येतो. पानं ओल्या फडक्याने पुसायची, ऊन आलं की पडदा ओढायचा. एवढी बडदास्त आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांचीही होत नाही. त्यांची अपेक्षा मात्र असते.

यंदा सोसायटीच्या गणपतीत घोटाळा झाला. आरतीची वेळ झाली तरी जास्वंद मिळेना. काका नारळ आणायला गेलेले, त्यांची किल्ली नेहमीप्रमाणे आमच्याकडे. माझी बायको मंजू गेली आणि ते फूल कापून तिने बाप्पाला वाहिलं. लाल फूल गणपतीला आवडतं, एवढाच तिचा विचार.

काका परतले. मूर्तीकडे बघतच राहिले.

"काका, मला वाटलं..." मंजू रडवेली झाली.

"रडतंस कित्याक गो? ता लाल दिसता ना, ता पान. फूल म्हणजे मधलो दांडो. तू नुसता पान काढलंस."

दांडाही बाप्पाच्या डोक्यावरच होता, पण ते कोणी बोललं नाही. त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने आरती काकांनीच म्हटली.

दुसऱ्या संध्याकाळी मात्र त्यांचं दार बंद. आम्ही दोघांनी बेल वाजवली, तेव्हा काकांनी दार उघडलं. आत कप धुऊन उपडे घातलेले.

"बरं नाही का काका?"

"बरा आसा," ते म्हणाले. मग खाली बघत, "पण आता फूल नाय. कोणाक काय सांगून बोलवू?"

मंजूने न विचारता चहाचं आधण ठेवलं. मी दार उघडंच ठेवून बसलो. थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरचे सावंत डोकावले.

"आज काय दाखवताय, काका?" सावंतांनी विचारलं.

"काय नाय," काका म्हणाले. "येवा, बसा."