कमांडरची डिस्क माउंट होईना

गल्ली त्याला कमांडर म्हणते. लष्करात होता म्हणून नव्हे. सहा वर्षांपूर्वी त्यानं कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून लिनक्स घातलं आणि तेव्हापासून काळ्या पडद्यावर कमांडी ठोकत बसतो म्हणून. (घरात त्याची कमांड मांजरही ऐकत नाही, ते सोडा.)

त्या दिवशी सासूबाई आल्या होत्या आणि सोबत मेव्हणा. मेव्हणा सहा वर्षांनी या घराचा उंबरा ओलांडत होता. मागच्या वेळी तो येऊन गेला आणि कमांडरनं कॉम्प्युटरात घातलेल्या गाण्यांच्या तीन डिस्क नाहीशा झाल्या. "घरात बाहेरचा माणूस एकच होता," एवढंच कमांडर म्हणाला. पण म्हणाला मेव्हण्यालाच, तेही फोन करून.

"आज त्याला वाकडा शब्द बोललात," बायकोनं स्वयंपाकघरात गाठून बजावलं, "तर मी बॅग भरून त्याच्याच गाडीत बसेन!"

म्हणून गोडीगुलाबीनं लग्नाची फिल्म बघायचं ठरलं. डिस्क एकुलती एक. कमांडरनं ती शर्टाला पुसली आणि कॉम्प्युटरच्या डब्याच्या तोंडावरल्या चिरेत सरकवली. गपकन आत गेली. ऐटीत कमांड ठोकली. उत्तर आलं: नो मीडियम फाउंड.

"काय म्हणतोय?" सासूबाई पुढे सरकल्या.

"डिस्क नाही म्हणतोय, आई."

"आत्ता तर घातलीत!"

"नुसती घालून भागत नाही. माउंट करावी लागते. म्हणजे मशीननं तिला आपली म्हणायला हवं."

"अस्सं. आणि हा म्हणत नाहीये."

कमांडरनं जोर वाढवला. आता मशीननं पासवर्ड मागितला. टाइप केला तर पडद्यावर टिंबही उमटेना.

"कीबोर्ड गेला का हो?" बायको.

"लिनक्स लाजाळू असतं!" कमांडर खेकसला. (त्याला स्वतःलाही कळत नाही, तेव्हा तो नेहमीच असं ठाम बोलतो.)

पुन्हा नो मीडियम. त्यानं मशीन बंद केलं, चालू केलं, डब्याला दोन्ही हातांनी गदागदा हलवलं. आतून खडखड आवाज आला.

"काहीतरी वाजतंय," मेव्हणा हळूच म्हणाला.

"विचार करतोय तो!"

"भावोजी, हे खालचं बटण कशाचं?"

"शोभेचं आहे. हात लावू नकोस."

मेव्हण्यानं हात लावला. सर्रकन एक खण बाहेर आला. कमांडर खुर्चीसकट मागे सरकला. सहा वर्षांत त्यानं हा खण पाहिला नव्हता. खणात डिस्क ठेवायला गोल खाच होती आणि खाच रिकामी होती.

रिकामी! कमांडरच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. भलत्याच खोलीत पडला, पण पडला.

"बघा! याचा हात लागला की डिस्क गायब! सगळ्यांच्या देखत!"

बायको उठली आणि कपाटावरची बॅग काढू लागली.

"बस गं ताई," मेव्हणा म्हणाला. "आधी स्क्रूड्रायव्हर दे."

डब्याची बाजू उघडली. आत धुळीच्या गादीवर लग्नाची डिस्क पहुडली होती. तिच्याखाली गाण्यांच्या तीन, एकीवर एक, नीट रचल्यासारख्या. ती चीर म्हणजे पुढच्या झाकणाचा तडा होता.

कमांडर पंख्याकडे बघत राहिला. मेव्हण्यानं डिस्क खणात ठेवली, खण आत ढकलला. मशीननं एकही कमांड न मागता तिला आपली म्हटलं.

फिल्म सुरू झाली. पहिल्याच दृश्यात नवरदेव कार्यालयाचं दार खांद्यानं ढकलतोय, घाम पुसतोय, पुन्हा ढकलतोय. मागून कोवळा मेव्हणा येतो आणि दार शांतपणे स्वतःकडे ओढून उघडतो.

सासूबाईंनी चष्मा पुसला.

"बघितलंस?" त्या लेकीला म्हणाल्या. "यांना माउंट करताना आपणच घाई केली."