सुपडाभाऊंची बोनी

आमच्या गल्लीत कोणी नवी वस्तू आणली की आधी दार लावून घेतात. नजर लागेल म्हणून नव्हे, सुपडाभाऊ येतील म्हणून.

फ्रिज असो, सायकल असो, नाहीतर नुसती प्लास्टिकची बादली असो, सुपडाभाऊंना तिचा वास लागतोच. ते येतात, वस्तूचं तोंडभरून कौतुक करतात, निवांत चहा घेतात, आणि आपण कप ठेवायला आत वळलो की सदऱ्याच्या खिशातून एक बारीक छिन्नी काढून वस्तूवर ओरखडा ओढतात. कधी नुसता ठिपका, कधी चिमणीसारखं काहीतरी. मग समाधानानं म्हणतात, "झाली बोनी."

दुकानातल्या दिवसाच्या पहिल्या विक्रीला बोनी म्हणतात. सुपडाभाऊ पहिल्या ओरखड्याला म्हणतात. त्यांची उभी हयात नांदुऱ्याच्या एका भांड्यांच्या दुकानात गेली. भांड्यांवर नावं घालायचं काम त्यांच्याकडे होतं. सकाळी आमच्या वडनेरहून निघायचे, दिवसभर टुकटुक करायचे, संध्याकाळी परत यायचे. आमच्या भागात लग्नात आलेला कुठलाही जुना हंडा फिरवून बघा, त्यावरचं 'यांजकडून सप्रेम भेट' बहुधा त्यांच्याच हातचं निघेल. आता दुकान सुटलं आहे, पण छिन्नी काही सुटलेली नाही.

पाटलांच्या सुनेच्या नव्या स्कूटीची त्यांनी बोनी केली तेव्हा पाटील काठी घेऊनच आले होते. सून दोन वेळा जेवली नाही. पण गंमत अशी की तोपर्यंत ती स्कूटी अंगणाबाहेर गेलीच नव्हती. ओरखडा पडेल म्हणून सून तिला नुसती पुसायची. एकदा ओरखडा पडल्यावर पुसण्यात काही राम राहिला नाही, आणि पुढच्या आठवड्यात बाई भर बाजारातून मेथीच्या जुड्या लादून येताना दिसली. सुपडाभाऊंनी मला कोपरखळी मारली.

"पह्यले बिघडवा, मंग पाहू," ते म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नवी वस्तू माणसाला भेव दाखवते, असं त्यांचं म्हणणं. बिघडली की ती निमूटपणे घरची होते.

स्वतःच्या वस्तूंनाही ते सोडत नाहीत. नवा सदरा अंगात घालण्याआधी त्याच्यावर चहाचा एक थेंब पाडतात. खामगावला दिलेली मुलगी दिवाळीला कपडे आणते आणि हात जोडून सांगते, बाबा, निदान मी असेपर्यंत तरी घाला नीट. ते मान डोलावतात आणि चहाचा कप हातात घेतात.

घराच्या भिंतींचं तर विचारूच नका. शेजारच्या शेतातल्या निबर झालेल्या, कोणी न घेतलेल्या भेंड्या ते आणतात, आडव्या कापतात, गेरूत बुडवतात आणि भिंतीवर ठप्पे मारत सुटतात. ठप्प्यांना शेपट्या फुटतात, चोची फुटतात. मी जातीचा चित्रकला शिक्षक. वडनेरच्या शाळेत ज्यांना म्हणून 'ड्रॉइंग'चा तास होता, त्या सगळ्यांच्या वह्यांवर मी लाल पेन फिरवलं आहे. एकदा त्यांच्या भिंतीवरचा मोर मला वांग्यासारखा दिसला आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "सुपडाभाऊ, दहापैकी चार."

ते खूश झाले. "शंभरात पस्तिसाले पास असते ना, मास्तर? मंग चार लय झाले."

त्यांच्या घरी चहा प्यायला गेलं की आपण कोणाच्या तरी लग्नाला आल्यासारखं वाटतं. पोचा आलेलं भांडं, किंवा नाव घालून झाल्यावर लग्नच मोडलं म्हणून पडून राहिलेलं भांडं, दुकानाचा मालक यांना देऊन टाकायचा. त्यामुळे पाण्याच्या तांब्यावर मामांकडून सप्रेम भेट, चहाच्या पातेल्यावर समस्त मित्रमंडळ, आणि ज्या ताटात ते जेवतात त्यावर कुठल्या तरी चिरंजीव आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणीची नावं, ज्यांचं लग्न पुढे झालंच नाही. सुपडाभाऊंना ती सगळी तोंडपाठ आहेत. या वराच्या बापानं ऐनवेळी मोटरसायकल मागितली होती, अशी माहिती ते भाजी वाढता वाढता देतात.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण या सगळ्या गोष्टीत खरा विनोदी माणूस मी आहे.

निवृत्त झालो तेव्हा मी जाहीर केलं की आता आयुष्यातलं खरं चित्र काढणार. तोवर काढलं नव्हतं, कारण नोकरी होती. अकोल्याहून पलंगाएवढा कॅनव्हास आणला. तो काळीपिवळी जीपच्या टपावर बांधून गावात आला तेव्हा लोकांना वाटलं, मास्तर निवडणुकीला उभे राहून राहिले आणि हा त्यांचा फलक. दोघातिघांनी तर पाठिंबाही दिला. कॅनव्हास बैठकीत भिंतीला टेकवून ठेवला, समोर खुर्ची मांडली, आणि मी चिंतनाला बसलो.

चिंतन फार चाललं. कोणी विचारलं, "मास्तर, चित्र?" की मी डोळे अर्धे मिटून म्हणायचो, "चिंतन चालू आहे." व्हॉट्सॲपवर 'नव्या निर्मितीच्या उंबरठ्यावर' असं टाकून ठेवलं होतं. त्या उंबरठ्यावर मी इतका बसलो की ऋतू बदलले. चित्राची नावं मात्र भराभर सुचत होती. 'माती आणि मानव' हे एक होतं. 'आदिम' हे दुसरं. ब्रश हातात घेतला की मात्र वाटायचं, एवढा पांढरा शुभ्र, महागाचा कॅनव्हास, याच्यावर आपला पहिला फटकारा चुकला तर? मग ब्रश धुऊन ठेवायचो. न वापरलेला ब्रश इतक्या वेळा धुणारा माणूस जिल्ह्यात दुसरा नसेल.

माझी बायको सुमन सरळ स्वभावाची आहे. उन्हाळ्यात तिनं कॅनव्हास उचलून गच्चीवर आडवा टाकला, त्यावर धुतलेलं लुगडं पसरलं आणि मुगाच्या वड्या घातल्या. मी कलेच्या अपमानाबद्दल बोललो. ती म्हणाली, "त्याले दुसरं काम सांगतलं का तुम्ही?" वड्या उत्तम वाळल्या. त्याही मी खाल्ल्या.

मग एक दिवस तिनंच घरभेदीपणा केला. मी कटिंगला गेलो असताना सुपडाभाऊंना चहाला बोलावलं.

परत आलो तर ते खुर्चीवर, माझ्या चिंतनाच्या खुर्चीवर, बसलेले. कॅनव्हासच्या बरोबर मधोमध चहाच्या ग्लासाच्या बुडाचं तपकिरी गोल कडं उमटलेलं, आणि बाजूला गेरूतल्या भेंडीची तीन-चार फुलं. मी जे बोललो ते इथं लिहीत नाही. शिक्षकाच्या तोंडी शोभणारं नव्हतं आणि त्यातले काही शब्द तर मी विद्यार्थ्यांकडूनच शिकलो होतो.

सुपडाभाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आता भ्याचं काय राह्यलं, मास्तर?" ते म्हणाले. "आता तुम्ही कितीबी बिघडवा. लोकं इचारतीन तर सांगा, सुपडानं सुरुवात केली."

मी त्यांना दार दाखवलं. सुमनशी अबोला धरला. आणि केवळ ते कडं झाकायचं म्हणून ब्रश घेतला. पांढऱ्यानं झाकलं तर खालून चहा वर आला. मग कड्याची थाळी केली. थाळी रिकामी बरी दिसेना म्हणून तिच्यात भाकर काढली. भाकरीजवळ ठेचा आला. भेंडीच्या फुलांचं काय करावं ते कळेना, तर त्यांना थाळीभोवती जमलेल्या कोंबड्या केलं. कोंबड्यांना हाकलायला एक हात आला, तो हात सुमनचा झाला, बांगड्यांसकट. सुमन दोनदा जेवायला बोलावून गेली, ते मला ऐकू आलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला भूक आठवली नव्हती. उजेड गेला तेव्हा ब्रश खाली ठेवला.

चित्र चांगलं नव्हतं. भाकर चंद्रासारखी दिसत होती आणि एका कोंबडीचा चेहरा थेट आमच्या जुन्या हेडमास्तरांचा झाला होता. माझ्या विद्यार्थ्यानं काढलं असतं तर मी दहापैकी चार दिले असते. पण ते होतं. मला इतका आनंद झाला की सुमनशी धरलेला अबोला मी विसरूनच गेलो, आणि तिनंही आठवण करून दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सुपडाभाऊंकडे गेलो. माफी मागायची होती, पण त्याहून जास्त फुशारकी मारायची होती. ते चहा टाकायला आत गेले. मी इकडेतिकडे बघत होतो, तर वरच्या फळीवर, पोचे आलेल्या डब्यांच्या मागे, फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी दिसलं. फडकं सरकवलं. आत पितळेचा मोठा डबा होता, पिठाचा असतो तसा. लखलखीत. त्यावर कोणाचं नाव नाही, पोचा नाही, ओरखडा नाही. या घरात!

मला शाळकरी पोरासारखा चेव आला. डबा खाली घेतला, खिशातून घराची किल्ली काढली आणि ओरडलो, "सुपडाभाऊ, करतो बोनी."

ते आतून धावत आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. ज्या माणसाला मी कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं, त्याच्या हाताची पकड लोखंडासारखी होती.

"त्याले नोका," ते म्हणाले.

मी किल्ली खिशात घातली. ते तिथंच खाली बसले. चहा उतू गेल्याचा वास आला, तरी ते उठले नाहीत. मग डबा मांडीवर घेऊन त्यांनी सांगितलं ते असं. वच्छलाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, या घरात आल्यापासून दुसऱ्यांच्या नावाची भांडी घासत आल्या. पहिली काही वर्षं त्या हसायच्या. मग एकदा राखेनं माखलेले हात पुढे करून म्हणाल्या, "लोकायचे नावं घासू घासू हात झिजले माहे. माह्यं नाव मी कवा घासीन?"

सुपडाभाऊंनी त्याच दिवाळीला हा डबा घेतला. पोचा न आलेला, दुकानातला सगळ्यात चांगला. आता फक्त नाव घालायचं होतं. लोकांची नावं ते गिऱ्हाइकाशी गप्पा मारत, बिडी ओढत घालायचे. पण हे नाव तसं घालायचं नव्हतं. भोवती वेल पाहिजे, दोन बाजूंना दोन मोर पाहिजेत, अक्षर असं पाहिजे की तालुक्यात कोणाच्या भांड्यावर नसेल. छिन्नी टेकवायचे आणि उचलायचे. एवढ्या सुंदर डब्यावर हात चुकला तर? दर दिवाळीला डबा खाली यायचा, चिंचेनं घासला जायचा, समोर ठेवला जायचा आणि परत वर जायचा.

"ते इचारायची, झालं का? मी म्हणो, इच्यार चालू हाय."

मी मान खाली घातली. ते वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं होतं.

"तिनं पीठ पत्र्याच्याच डब्यात ठेवलं," सुपडाभाऊ म्हणाले. "शेवटपर्यंत."

वच्छलाबाई गेल्यानंतरच ते गल्लीभर लोकांच्या वस्तूंवर ओरखडे ओढत फिरू लागले होते, हे माझ्या आता ध्यानात आलं. आम्ही सगळे त्यांना चक्रम समजत होतो. मला त्या क्षणी त्यांची फार माया वाटली. त्यांचंच वाक्य मी माझ्या शाळामास्तरी मराठीत म्हटलं. "सुपडाभाऊ, आधी बिघडवू. मग पाहू."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून छिन्नी काढली, कोनाड्यातली छोटी हातोडी घेतली आणि दोन्ही माझ्या हातात दिल्या.

"पह्यला ठिपका तुमी मारा. माह्यानं नाही होत."

मी उभ्या आयुष्यात पितळेवर काही कोरलं नव्हतं. हातोडी मारली तशी छिन्नी डब्यावरून घसरली आणि ठिपक्याच्या जागी एक वेडावाकडा, शेपटीसारखा ओरखडा उमटला. सुपडाभाऊंनी डबा उजेडाकडे धरला, डोळे बारीक केले, आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

"दहापैकी चार," ते म्हणाले. "पास."

मग ते भिंतीला टेकून बसले, डबा गुडघ्यांत धरला आणि टुकटुक सुरू केलं. वेल नाही, मोर नाही. आधी आखलंसुद्धा नाही. माझ्या ओरखड्याच्या शेजारूनच सुरुवात केली आणि हात चालू असताना मला विचारत राहिले, कोंबड्या किती काढल्या, सुमनबाई काय म्हणाल्या, भाकर ज्वारीची का बाजरीची. मी सांगत गेलो. मध्ये एकदा त्यांनी बाहीनं डोळे पुसले, पण टुकटुक थांबली नाही. 'वच्छला' एवढंच नाव, थोडं उजवीकडे कललेलं.

ते डबा घेऊन स्वयंपाकघरात गेले. मी दारात उभा राहिलो. त्यांनी पत्र्याचा डबा उचलला आणि त्यातलं ज्वारीचं पीठ पितळेच्या डब्यात ओतलं. बरंचसं बाहेर सांडलं, नावावरही पडलं. झाकण लावून त्यांनी डबा चुलीजवळ ठेवला, जिथं पत्र्याचा असायचा तिथं, आणि हळू आवाजात म्हणाले, "झालं, वच्छले."

मग त्यांनी उतू गेलेलं पातेलं घासायला घेतलं आणि मला विचारलं, नवा चहा टाकू का.