कट सीनमध्ये बोलायचं नाही

रविवारच्या खेळात एक छोटासा कट सीन घालायचा, एवढंच मी ठरवलं होतं. कुणाला रडवायचं नव्हतं. बाबांना तर नाहीच नाही.

खेळ काय ते आधी सांगतो. टेबलावर पुठ्ठ्याचा किल्ला असतो. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि आपण काय करतो ते बोलून दाखवतात. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. आमच्या घरात गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे. मी सोफे शिवायच्या कारखान्यात कामाला आहे, त्यामुळे आमच्या सोंगट्या म्हणजे सोफ्याची उरलेली बटणं. निळं बटण ताईचं, ती जादूगारीण. तपकिरी भावजींचं, ते तिरंदाज. (भावजींना खऱ्या आयुष्यात कागदाचा बोळा टोपलीत टाकता येत नाही. पण ते असो.) आणि लाल मखमलीचं बटण आईचं. आईनं चोर निवडला होता.

आईनं! दुकानदारानं चुकून जादा दिलेला साबण परत करायला भर उन्हात चालत जाणाऱ्या बाईनं! खजिन्याच्या दाराशी आली की ती दबक्या आवाजात म्हणायची, "मी चपला हातात घेते." बाबा जन्मभर एका गोदामावर पहारेकरी होते. ते पेपरमागून ओरडायचे, "माझ्याच घरात चोर! आणि मीच पोसला!" बाबा स्वतः खेळायचे नाहीत, फक्त चुका काढायचे. भिंत बुटकी आहे, बुरूज वाकडा आहे, हा पोरगा तोंडातल्या तोंडात बोलतो.

आई गेल्यापासून त्यांनी चुका काढणं बंद केलं. स्वयंपाक आता मी करतो आणि बाबा तो मुकाट्यानं जेवतात. यावरून काय ते ओळखा.

किल्ला कपाटावर तसाच पडून होता, लाल बटण खजिन्याच्या दाराशी. ताई म्हणाली, "खेळ परत सुरू कर. घरात चार शब्द तरी ऐकू येतील."

"आणि आईचं बटण?"

"त्याचं तू बघ. गोष्ट तुझी आहे."

म्हणून कट सीन. कट सीन म्हणजे एक प्रसंग गोष्ट सांगणारा सलग सांगतो. तो संपेपर्यंत कुणी काही करायचं नाही, फासा टाकायचा नाही, नुसतं ऐकायचं. मला हा प्रकार मनापासून आवडतो. माझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणारं माणूस मला अजून भेटायचं आहे. (शाळेत सर थांबायचे, पण हातात पट्टी घेऊन. शाळा मी लवकर आटोपली ती त्यामुळेच.) तर चोर खजिन्याला हात न लावता पहाटे किल्ल्यातून निघून जाते, नदी, नाव, धुकं, शेवट. असा सगळा बेत ठरला.

सराव मी कारखान्यात केला, एका मोठ्या सोफ्यासमोर. "ती गेली," मी सोफ्याला सांगत होतो. "तिनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही."

"कोण रे?" मागे मालक उभे.

"चोर, मालक."

"अरेरे. काय काय नेलं?"

"काहीच नाही नेलं."

"मग कसली चोर? बोलावून घे परत."

"ते आता होण्यातलं नाही."

मालकांनी खांद्यावर हात ठेवला आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. खुलासा करायची लाज वाटली, म्हणून मी ती घेतली.

रविवारी मी पंखा बंद केला (पुठ्ठा उडतो), पडदे ओढले आणि एकच दिवा ठेवला. बाबा त्यांच्या खुर्चीत पेपर धरून होते. हल्ली पेपर ते नुसता धरतात, पान उलटत नाहीत.

"कट सीन," मी जाहीर केलं. "आता कुणी बोलायचं नाही."

"चहा याच्या आधी की नंतर?" भावजी.

"अहो!" ताई.

"पहाट झाली. किल्ल्यावर धुकं उतरलं. चोरानं खजिन्याकडे पाठ फिरवली..."

"मी बाण रोखतो," भावजी म्हणाले.

"भावजी, कट सीन आहे."

"मारत कुठाय? नुसता रोखून ठेवतो."

"ती दबक्या पावलांनी निघाली. दाराशी पहारेकरी होता," मी आवाज चढवला. "पण पहारेकरी खुर्चीत झोपला होता!"

पेपर खाली आला.

हे वाक्य सोफ्यासमोर मी कितीतरी वेळा म्हटलं होतं. सोफ्याला काही वाटलं नव्हतं, मलाही नाही. चोर निसटायचा तर पहारेकरी झोपलेला हवा, एवढीच माझी अक्कल चालली. पण दवाखान्यात आईच्या खाटेशी बाबा खुर्चीत बसून होते. कामावर जन्मात कधी डोळा न लागलेला माणूस. पहाटे त्यांचा डोळा लागला, आणि उघडला तेव्हा आई नव्हती. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी कधी तोंडातून काढलं नव्हतं. ते मी दिवे घालवून, हातवारे करून सांगितलं.

ताईनं टेबलाखालून मला लाथ मारली. ती भावजींना लागली.

"आता मी काय केलं?" भावजी कळवळले.

"फासा दे," बाबा म्हणाले.

"बाबा, कट सीनमध्ये फासा..."

"दवाखान्यातही कुणी काही करू दिलं नाही. इथंही नाही का? दे म्हणतो ना."

मी दिला. "कशासाठी टाकताय?" मी विचारलं. (नियमच आहे तसा. नियम मला नेमका नको तेव्हा आठवतो.)

"पहारेकरी उठतो का, बघू."

फासा गडगडत गेला आणि खजिन्याच्या दाराशी थांबला. एक पडला. याहून वाईट दान नसतं.

"टेबल हललं!" भावजी घाईघाईनं म्हणाले. "माझा पाय लागला. परत टाका, बाबा."

"नको. पडलं ते पडलं." बाबांनी चष्मा काढला. "झोपलाच तो. जन्मात एकदा झोपला, तोही नेमका तेव्हा."

नदी, नाव, धुकं, सगळं मी गुंडाळून ठेवलं.

ताई उठून बाबांच्या खुर्चीच्या हातावर बसली. "बाबा, आई चोर होती. पहारेकरी जागा असताना ती कधी जागची हललीय का? आम्ही सगळे कंटाळायचो, पण ही आपली दाराशी बसून. तुम्ही जागे होतात तोवर ती निघालीच नसती."

बाबा लाल बटणाकडे वळले. मग मला म्हणाले, "चपला हातात घेतल्या होत्या का रे तिनं?"

हे माझ्या कट सीनमध्ये नव्हतं.

"हो, बाबा."

"मग कशी चाहूल लागणार," ते म्हणाले. त्यांनी बटण उचललं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

मग सगळेच रडलो. भावजी सगळ्यात मोठ्यानं. त्यांना लाथही बसली होती. जरा शांत झाल्यावर मला वाटलं, एवढं पाठ केलंय तर नावेचा भाग तरी सांगून टाकावा. नाव नदीच्या मधोमध आली आणि भावजींनी डोळे पुसत, उकडतंय म्हणून, पंखा लावला.

बुरूज, नदी, खजिना, सगळं उडून घरच्या सोफ्याखाली. आम्ही सगळे गुडघ्यांवर, बाबासुद्धा. त्यांनी वाकून सोफ्याच्या पोटाकडे निरखून पाहिलं.

"हे खालचं कापड कुणी लावलंय? पार लोंबतंय."

(मीच.)

"अशा हाताला कारखान्यात ठेवलाय कसा? आणि कालची भाजी खारट होती. परवाचीही. बोललो नाही म्हणून काय जीभ गेलीय माझी?"

मी आत शिरलो होतो, तिथंच पडून राहिलो. ते बोलत होते आणि मी मध्ये अवाक्षर काढलं नाही. बाहेर निघताना डोकं अडकलं आणि उरलेलं कापडही सुटून माझ्या गळ्यात आलं.