मगदुमांच्या तंबाखूची निवड

हुन्नेवाडीत तंबाखू कशानं कापायची हे तंबाखूच ठरवते. पानांवर ठिपके धरले की लोक आपापली हत्यारं बांधावर घोंगडीवर मांडतात, आणि उभं पीक ज्या हत्याराकडे झुकेल त्यानं कापणी होते. हत्यार ज्याचं, कापायचा मान त्याचा. एकाच शेजाऱ्याचं हत्यार एखाद्या रानानं सलग चार वर्षं निवडलं, तर ते रान त्या शेजाऱ्याचं होतं, कारण ओढा कुणाकडे आहे हे मग उघडच दिसतं. यावरून गावात आजवर कुणी कोर्टात गेलेलं नाही.

भूपाल मगदूमच्या रानानं गेली तीन वर्षं अण्णाप्पा कमतेचा विळा निवडला होता. अण्णाप्पाचं रान बांधाला लागूनच. त्याचा विळा झिजून पार बारीक झालेला, मुठीला सुतळी गुंडाळलेली. त्यात पिकाला काय दिसलं ते पिकालाच ठाऊक. कापणीला आला की अण्णाप्पा नको नको म्हणत चहा घ्यायचा आणि जाताना रानाकडे अशा मायेनं बघायचा, की भूपालच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

यंदा मात्र भूपाल नुसता उड्या मारत होता. त्यानं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून नवा कोयता घडवून घेतला होता. शिसवी मूठ, वर पितळी कडं. लोहारानं तो हातात ठेवला तेव्हा भूपालला वाटलं, आपण तंबाखू असतो तर मुळासकट आलो असतो. त्या दिवसापासून तो रोज कोयता घेऊन सरीसरीतून फिरे, पिकाची आणि त्याची ओळख व्हावी म्हणून. हे नियमात बसतं. ओळख करून द्यायला कुणाची ना नाही.

निवडीच्या सकाळी बाबगोंडा तात्या आले. गावातल्या सगळ्या निवडी तेच बघतात. वारा असताना झालेलं झुकणं धरत नाहीत, म्हणून त्यांनी बांधावर उदबत्ती रोवली. एरवी त्यांच्या हातात बिडी असते, पण तंबाखूच्या तोंडावर बिडी ओढणं बरं दिसत नाही. घोंगडीवर कोयता आणि विळा शेजारी शेजारी ठेवले. भूपालची बायको शांतक्का जरा पलीकडे बसून जेवणासाठी विळीवर भोपळा चिरत होती.

उदबत्तीचा धूर सरळ वर गेला आणि रान हललं. आधी कडेची झाडं, मग मधली, मग सगळंच पीक एका अंगाला कलायला लागलं. अण्णाप्पाच्या विळ्याकडे एक पानही वळलं नव्हतं. पीक कोयत्याच्या बाजूला येत होतं. कोयत्यापर्यंत आलं. आणि कोयत्यावरून पुढे गेलं.

शांतक्का हातातली फोड तशीच धरून थांबली. अख्खं रान तिच्या विळीकडे झुकलं होतं.

अण्णाप्पानं लगेच हरकत घेतली. विळी घोंगडीवर मांडलेली नव्हती. शिवाय ती हातात धरत नाहीत, पायाखाली दाबतात. तिला हत्यार कसं म्हणायचं? म्हणजे निवड बाद, आणि निवड बाद झाली की गेल्या सालचंच हत्यार चालतं, हा जुना नियम. तसं झालं तर विळ्याचं हे चौथं वर्ष. इतके दिवस कोयत्याचं कौतुक सांगणारा भूपाल आता विळीची बाजू मांडायला लागला. ती त्याच्याच घरची, लग्नातली, तिचं पातंही जातिवंत.

तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. घोंगडीचं ते सोडून द्यायला तयार होते, पायाचंही एक वेळ चाललं असतं. पण जे हत्यार सरीत चालवता येत नाही त्यानं रान कापायचं कसं, एवढं त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

"विळी कुणाकडं जात न्हाई, तात्या," शांतक्का म्हणाली. "ज्येला चिरायचं हाय त्येनं विळीकडं यायचं असतंय."

तात्यांना हे पटलं. रीतीप्रमाणे ते रानाकडे वळले आणि म्हणाले, "ऐकलंसा न्हवं? मग काय करताय?"

जमीन भुसभुशीत झाली. कडेचं पहिलं झाड मुळांसकट वर आलं, घरात शिरण्याआधी पाय झटकावेत तशी त्यानं माती झटकली आणि बांध चढून विळीसमोर उभं राहिलं. शांतक्कानं भोपळा बाजूला सारला, पदर खोचला आणि बुडाशी एकच काप घेतला. झाड आपणहून उन्हाला जाऊन आडवं झालं. तोवर दुसरं पुढे सरकलं होतं.

भूपालला हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यानं दोन्ही केलं. रान वाचलं होतं. वर यंदा खुंटही खणायला नकोत, सगळी मुळं चालत आली होती. उंच झाडं बुटक्यांच्या पुढे घुसायला लागली तेव्हा तो उठला आणि रांग लावू लागला. एकाला मागे घे, दुसऱ्याला पुढे कर, अशा खुणा करायला नवा कोयता फार सोयीचा पडला.

ऊन कललं. मगदुमांचं रान मोकळं झालं, तरी रांग संपेना. भूपालनं शेपूट कुठवर आहे ते बघायला मान उंचावली. ते बांधाच्या पलीकडे होतं. अण्णाप्पाची तंबाखू, जिची निवड अजून व्हायची होती, माती झटकून एकेक करत मागे येऊन उभी राहत होती.

तात्यांनी दुसरी उदबत्ती लावली. धूर सरळ गेला. त्यांनी मान डोलावली.

अण्णाप्पा विळा हातात घेऊन आपल्या रिकाम्या होत चाललेल्या रानाकडे बघत राहिला. शांतक्कानं विळीवरून नजर न काढता पुढचं झाड घेतलं.

"भावजी," ती म्हणाली, "ह्ये पयलं वरीस झालं. चहा घेनार न्हवं?"

अण्णाप्पा नको म्हणाला. मग बसला.